शाळेची शंभरी: स्मरणिकेआधी कपाट उघडा

शाळेची शंभरी किंवा पंच्याहत्तरी जवळ आली की आमच्या सोलापुरात दोन गोष्टींची धावपळ सुरू होते, मंडप आणि स्मरणिका. मंडपाचं मंडपवाला बघतो. स्मरणिका मात्र नव्याने रुजू झालेल्या एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, आणि मग मला फोन येतो, "मॅडम, शाळेचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?" माझी नोकरी पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, महापालिकेच्या शाळांत झाली, शेवटची वर्षं मुख्याध्यापिका होते. फोनवर सांगते तेच इथे लिहून ठेवते.

"प्राचीन काळी आपल्याकडे गुरुकुल पद्धती होती" हे वाक्य आधी खोडा. इयत्ता, घंटा, हजेरी, फळा, तपासणी यातलं काहीही गुरुकुलातून आलेलं नाही. तुमच्या शाळेचे पूर्वज त्याहून जवळचे आहेत. एक म्हणजे देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत भरणारी पंतोजींची शाळा. तिथे धूळपाटीवर अक्षर, मोडीचं वळण आणि तोंडपाठ पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे. मुली जवळपास नाहीतच, आणि दलितांना दार बंद. म्हणूनच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांनी काढलेली मुलींची शाळा एवढी मोठी गोष्ट ठरली. हे सगळं एका परिच्छेदात बसतं.

दुसरा धागा मद्रासचा. १७८९ पासून अँड्र्यू बेल नावाचा पाद्री तिथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा बघायचा. देशी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत उचलली. थोरल्याने धाकट्याला शिकवायचं, हेही बसवलं. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. आपल्या दोनशिक्षकी शाळेत चौथीतली पोरगी पहिलीकडून पाढे म्हणून घेते ना, तेच हे. त्यानंतर १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे इंग्रजांचं शिक्षणधोरण, १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं, आणि खात्याबरोबर आले तपासणीला येणारे साहेब.

फारच हौस असेल तर आणखी मागे, आजच्या इराकमधल्या निप्पूरला जा. तिथे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्यात. डाव्या अंगाला गुरुजींचं वळण, उजव्या अंगाला पोराने गिरवलेलं. ओली माती पुसून पुन्हा पुन्हा लिहिल्यामुळे कित्येक पाट्यांची उजवी बाजू झिजून पातळ झाली आहे. चित्रासकट अर्धं पान द्या, मुलं तेवढंच वाचतील.

आता कपाट. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सगळ्यात जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची नोंदवही, खाली काढा. शाळेचं वय त्यात असतं, कोनशिलेवर नाही. कोनशिला इमारतीची असते, आणि कित्येक शाळा इमारत मिळण्याआधी मठात, तालमीत, भाड्याच्या खोलीत भरलेल्या असतात. पहिल्या नोंदीची दाखल तारीख बघा. मग 'पूर्वीची शाळा' हा रकाना बघा. पहिल्या पानावरची पोरं दुसऱ्याच शाळेतून आलेली दिसली, तर तुमची शाळा कुणाची तरी फुटलेली शाखा असण्याची शक्यता आहे. मग त्या शाळेचंही कपाट उघडावं लागेल.

रजिस्टर टेबलावर सपाट उघडू नका, पाठ मोडते. सोलापुरी चादरीची घडी दोन्ही पुठ्ठ्यांखाली द्या, खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा, फ्लॅश नको. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात लावायची नाही. जुनी पानं मोडी लिपीतली निघाली तर अंदाजपंचे वाचू नका, जाणकार गाठा.

शिक्के नीट बघा, काळ तेच सांगतात. 'लोकल बोर्ड' म्हणजे १८८४ च्या कायद्यानंतरची व्यवस्था. 'स्कूल बोर्ड' १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यापासूनचं. ग्रामीण भागात 'जिल्हा परिषद' १ मे १९६२ नंतरच. सोलापूर शहरात नगरपालिकेचा शिक्का १ मे १९६४ ला महानगरपालिकेचा झाला. तारीख नसलेला कागद असा लावता येतो.

जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट फिरवा: १ जून, १ जून, १ जून. अख्खा वर्ग एका दिवशी जन्मलेला! घरी तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी वय जुळवून तारीख घातली. ती खरी धरून आजोबांचं वय छापू नका.

मला विचाराल तर 'शाळा सोडल्याचे कारण' हा सगळ्यात बोलका रकाना. पूर्व भागातल्या शाळेत तिथे माग दिसतो, गिरणी दिसते, मुलींच्या पुढे विडीकाम दिसतं. ही पोरं घरी तेलुगू बोलायची, मराठी त्यांच्या कानावर शाळेत आल्यावरच पडायची. त्यांची आडनावं मराठी गुरुजींनी ऐकू आली तशी लिहिलीत, म्हणून एकच आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी सापडतं. मोजणी करताना ते एकच धरा. १९३० ची हजेरीपत्रकं टिकली असतील तर जूनचं पान मुद्दाम काढा. त्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला होता. किती पोरं परतली, कळेल.

जातीचा रकाना मात्र नावांसकट छापायचा नाही. कुठल्या समाजातल्या मुली कुठल्या दशकात आल्या, एवढी बेरीज मांडा, ती मांडायलाच हवी. पाहुण्यांना आवडणार नाही म्हणून गाळू नका.

शेरेबुक सापडलं तर नशीब. तपासणीला आलेल्या साहेबाने कौतुक कुठे केलं यापेक्षा कुरकुर कुठे केली ते उतरवून घ्या: छप्पर गळतं, नकाशा नाही, पहिलीची हजेरी कमी. शाळेचा खरा संसार तिथे आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे जाल तेव्हा "तेव्हाची शाळा कशी होती?" विचारू नका, "फार छान, गुरुजी कडक" एवढंच हाती लागतं. विचारा, कशावर बसायचात? पाटी कशाने पुसायचात? फळा काळा कोण करायचं? एक आजी माझ्यासमोर तळहात पालथा करून दाखवायला लागल्या: कोळसा वाटायचा, पानांचा रस कालवायचा, चिंधीने वरून खाली ओढायचा, आडवा हात लागला की गुरुजी पुन्हा करायला लावायचे. शनिवारी फळ्याची पाळी. सोमवारी फ्रॉकला काळे डाग आणि घरी मार. याला दोन पानं द्या, अध्यक्षांच्या मनोगताचं एक कमी करा.

छापून झाल्यावर एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात नेऊन द्या. फोटोंचा पेनड्राइव्ह रजिस्टरच्याच कपाटात ठेवा आणि त्याची नोंद साठा नोंदवहीत करून घ्या. शिक्षकाच्या घरी ठेवला तर बदलीबरोबर तोही अक्कलकोटला जातो.