ब्रोकन हिलला जाताय? एक दिवस निवांत ठेवा

ऑस्ट्रेलियाच्या आऊटबॅकमधे, म्हणजे आतल्या ओसाड भागात, फिरताना रोज पाचसहाशे किमी गाडी हाणायची सवय लागते, पण ब्रोकन हिलला एक अख्खा दिवस काही न पळता घालवा. आणि पोचल्यावर आधी घड्याळ बघा! गाव न्यू साऊथ वेल्समधलं, म्हणजे सिडनीच्याच राज्यातलं असलं तरी तिथे वेळ अ‍ॅडलेडची चालते, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे, त्यामुळे गॅलरी अजून उघडली कशी नाही म्हणून दारात ताटकळायला नको.

सकाळी आर्जंट स्ट्रीटवरची सिटी आर्ट गॅलरी, १९०४ पासूनची, जुन्या हार्डवेअरच्या दुकानात आहे. मग प्रो हार्टची गॅलरी. हा बाबा आधी खाणकामगार, मग चित्रकार, आणि त्याने चक्क आपली रोल्स रॉइस रंगवून ठेवलीय, ती बघाच. दुपारी उन्हात कुठे जाऊ नका, झोपा सरळ.

खरी मजा संध्याकाळी. गावाबाहेर टेकडीवर १९९३ साली वेगवेगळ्या देशांच्या शिल्पकारांनी घडवलेली वालुकाश्माची १२ शिल्पं आहेत, मावळतीच्या उन्हात त्या दगडांचा रंग भाजलेल्या विटेसारखा होतो आणि खाली लाल माळ पसरलेला. पाणी न्या, माश्यांपासून वाचायला तोंडावरची जाळीही (हसू येतं, पण घालाच). गेट कधी बंद होतं ते आत शिरतानाच बघून ठेवा.

परतताना गाडी हळू, कारण तिन्हीसांजेला कांगारू कुठून उडी मारेल नेम नाही.