जळगावात गाडी शिकायची म्हणता? शिकाच!

बदली होऊन जळगाव-भुसावळकडे आलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "इथे गाडी शिकावी का हो?" मी मूळची रत्नागिरीची, लग्न होऊन इकडे आले आणि आता पक्की जळगावकर झाले. शिकाच. नवऱ्याची ड्युटी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नाहीतर दीपनगरच्या वीज केंद्रात, मुलांची शाळा भलतीकडे, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला रिक्षाची वाट बघत उभं राहायचं, यापेक्षा क्लच परवडला.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. लर्निंग लायसन्स आधार असेल तर ऑनलाइन निघतं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, एवढंच.

क्लास लावताना मात्र फीच्या आधी एक गोष्ट विचारा: प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात किती वेळ? नियमाप्रमाणे कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात गाडी चालवणं किमान दहा तास असायला हवं. एका गाडीत चौघींना बसवून प्रत्येकीला पाच-पाच मिनिटं देणारेही भेटतात. तिथे पैसे भरू नका.

आणखी एक. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा क्लच-ब्रेक असतो. आठवड्याभरात गाडी लोण्यासारखी चालायला लागली की हुरळून जाऊ नका, बऱ्याचदा निम्मी गाडी तेच चालवत असतात. सरळ सांगा, "सर, आता पाय काढून ठेवा." गाडी दोन-चार वेळा गचका देऊन बंद पडेल. पडू दे. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी ओढ घेते ती जागा, पायाला कळतो तो तेव्हाच. क्लच सावकाश सोडायचा, बॉनेट किंचित थरथरलं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की पाय तिथेच धरायचा. एक्सीलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचा तो त्यानंतर.

मागे हॉर्न वाजतील. इथली माणसं बोलायला रांगडी, पण मनाची मोकळी. भर चौकात गाडी बंद पडली तर शेजारचा रिक्षावालाच ओरडतो, "काही नही होत ताई, आरामशीर काढा!" मग आरामशीरच काढा.

वेळ सकाळची घ्या. उन्हाळ्यात दहानंतर स्टिअरिंगला हात लावणं मुश्कील होतं आणि सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. मेहरूण तलावाकडे पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिकडे नको. नवीन कॉलन्यांचे रिकामे रस्ते बरे. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक आणि महामार्ग सगळ्यात शेवटी. सुरत-नागपूर हायवेचा जुना रस्ता थेट गावातून जातो, त्यावर केळीचे ट्रक आणि शाळेच्या सायकली एकत्र असतात.

आपला भाग सपाट, म्हणून चढावर गाडी थांबवून परत उचलायची सवयच लागत नाही. ती रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर लावून घ्या: हँडब्रेक ओढा, हाफ क्लचवर या, गाडी पुढे जायला ओढ घेतेय असं वाटलं की हँडब्रेक सोडा. चाळीसगावहून कन्नड घाटात जाल तेव्हा हेच कामाला येतं. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापत नाहीत.

दिवाळीनंतर कापसाची वाहतूक सुरू होते. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रेडियम. समोरच्याचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, डोळ्यावर असताना ती ट्रॉली दिसतच नाही. त्यामुळे नवीन असाल तर पहिला हिवाळाभर अंधार पडल्यावर गावाबाहेर जाऊ नका, घरचे कितीही "चला, भरीत पार्टी आहे शेतात" म्हणोत. जायचंच असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याला द्या आणि मागे बसा.

लायसन्स हातात आलं की पहिली गावाबाहेरची फेरी असोद्याची करा. बहिणाबाईंचं माहेर, जळगावपासून जवळच. रविवारी सकाळी लवकर निघा, शेजारी गाडी चालवता येणारं कुणीतरी असू द्या, पण चूक दिसल्याशिवाय त्यांनी बोलायचं नाही असं निघतानाच ठरवून घ्या.