हप्ता ठरवायच्या आधी कर्जखात्याचा उतारा वाचा

शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू व्हायला दोन-तीन महिने राहिले की जो तो मोबाइलवर हप्ता काढायला बसतो आणि मुद्दल म्हणून मंजूर झालेली रक्कम घालतो. गणित फसतं ते इथेच. मंजूर रक्कम सगळी उचललेलीच असेल असं नाही, आणि देणं तर तिच्यापेक्षा कितीतरी वेगळं निघतं. माझं, धाकट्या भावाचं आणि दोन मामेबहिणींचं, अशी चार कर्जं मी वही-पेन घेऊन सोडवली आहेत. किती वर्षांची मुदत घ्यायची, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेते.

कागद दोनच लागतात. मंजुरीपत्र, आणि पहिली रक्कम उचलल्या दिवसापासूनचा पूर्ण उतारा. ॲपवर अर्धवट दिसला तर शाखेत मागा. सिबिलचा अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या सगळ्या कर्जखात्यांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. भावाच्या बँकेने दर वर्षाच्या उचलीचं वेगळं खातं उघडलं होतं, आणि हा गडी एकाच खात्याचा हप्ता धरून खूश होता.

मंजुरीपत्रात व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) जोडलेला, म्हणजे बदलता आहे की स्थिर, हप्ता नेमका कधी सुरू होणार आणि तोपर्यंतचं व्याज सरळ की चक्रवाढ, या तीन ओळी अधोरेखित करा.

तिसरी ओळ सगळ्यात महाग पडते. बँकांच्या संघटनेच्या आदर्श योजनेप्रमाणे शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष सरळव्याज लागतं, आणि हप्ता ठरवताना ते साचलेलं व्याज मुद्दलात मिळवतात. समजा, चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले, दर १० टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता ६ लाखांवर नाही, ८ लाख १० हजारांवर बसणार. तेच व्याज दरमहा चक्रवाढीने लावलं तर आकडा साडेआठ लाखांच्या वर जातो. फरक ४५ हजारांचा!

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. मंजुरीपत्रात सरळव्याज, खात्यात चक्रवाढ. मी नुसती शेवटची शिल्लक बघून सही केली आणि चौदा हप्ते भरल्यावर चूक दिसली. तुम्ही ती पाच मिनिटांत पकडू शकता. उताऱ्यातले ३१ दिवसांचे महिने शोधा आणि त्यांचं व्याज शेजारी शेजारी लिहा. मधे नवी उचल नाही, दर बदललेला नाही, भरणा नाही, तर मे आणि जुलैचं व्याज सारखंच हवं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते १,२७४ रुपये येतं. दर महिन्याला थोडं थोडं चढत असेल तर व्याजावर व्याज चाललंय. (फेब्रुवारीशी तुलना करून काउंटरवर भांडायला जाऊ नका. मी गेले होते.)

परदेशी शिक्षणाच्या किंवा वित्त कंपन्यांच्या कर्जात चक्रवाढ ही अटच असू शकते, म्हणून आधी पत्र बघा. तक्रार तोंडी करू नका. माझ्या दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्यांदा पत्राची प्रत आणि वहीतली बेरीज अर्जाला जोडली तेव्हा फरक जमा झाला. हप्ता मात्र जुन्या फुगलेल्या रकमेवरच चालू राहिला, त्याला आणखी एक अर्ज. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

उतारा हातात आहे तोवर विम्याचा हप्ता परस्पर कर्जात टाकलाय का तेही बघा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत दाखवून केंद्राच्या व्याज अनुदानासाठी अर्ज केला असेल, तर ती रक्कम जमेच्या बाजूला दिसली पाहिजे.

आता मुदत. ८ लाख १० हजारांवर १० टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता साधारण १०,७०० येतो, पंधरा वर्षांचा ८,७००. महिन्याला दोन हजार वाचवायचे आणि शेवटी २ लाख ८० हजार जास्त भरायचे. 'करात सूट मिळते, लांबव' हा सल्ला देणाऱ्या काकांना सांगा, आयकरातली ही सूट फक्त व्याजावर, तीही आठच वर्षं, आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. नोकरीचा भरवसा नसेल तरच लांब मुदत घ्या आणि जमेल तेव्हा जादा भरा. बँकेच्या बदलत्या दराच्या कर्जावर त्याला दंड लागत नाही. मात्र जादा भरलेल्या पैशांतून हप्ता कमी करायचा की मुदत, हे दर वेळी लेखी कळवा.