संत्र्याच्या बगीच्यात बीगलबोन: तार लावण्याआधी

आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा तर जमिनीत ओल किती उरली ते रोज कळलं पाहिजे. भारी जमिनीत वरची माती सुकलेली दिसते आणि वीतभर खाली ओल तशीच असते. हे मोजायला ओलीचा सेन्सर आणि बीगलबोन ब्लॅक हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड पुरतो. ॲनालॉग (म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज) वाचणाऱ्या सात पिना त्याच्यावर आयत्या आहेत. रास्पबेरी पाय या तशाच बोर्डावर एकही नाही, तिथे वेगळी चिप लावावी लागते. बोर्ड, ५ व्होल्टचा ॲडॉप्टर, तारा, पेचकस हे कोणी विसरत नाही. मल्टिमीटर खिशात ठेवा.

आता मुद्द्याचं. लाइन गेली की सेन्सरचं काय होतं? याचं उत्तर आधी द्या, मगच वावरात जा. बोर्ड बंद असताना त्याच्या कुठल्याही पिनवर बाहेरून व्होल्टेज येता कामा नये. सेन्सर वेगळ्या बॅटरीवर आणि बोर्ड लाइनवर, ही जोडणी सोयीची वाटते. पण लाइन जाते, बोर्ड झोपतो, सेन्सर जागाच राहतो आणि पिनमध्ये व्होल्टेज ढकलत बसतो. प्रोसेसर जातो तो असाच. मागच्या खेपेला माझा गेला. आपल्याकडे लाइन जाणारच, तेव्हा ‘एखाद्या वेळेस चालतं’ हे बोलूच नका.

सेन्सरला वीज बोर्डाकडूनच द्या. बोर्डाच्या कडेला पिनांच्या दोन पट्ट्या आहेत, त्यातल्या पी९ पट्टीवरच्या ३ किंवा ४ नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळतात आणि बोर्ड बंद झाला की तेही बंद होतात. ५ आणि ६ नंबरवर ५ व्होल्ट आहेत, ते घेऊ नका: ते सरळ ॲडॉप्टरच्या जॅकमधून येतात, म्हणून बोर्ड नीट शटडाउन केला तरी तिथे व्होल्टेज राहतंच. म्हणजे लाइन असतानाही तोच घोळ. घरीच तपासा. सेन्सरची सिग्नलची तार पिनपासून सोडवा, बोर्ड शटडाउन करा आणि त्या तारेवर मीटर लावा. शून्य आलं पाहिजे. मग बोर्ड चालू करून ॲडॉप्टर तसाच उपटा आणि पुन्हा मोजा. पुन्हा शून्य. दोन्ही वेळा शून्य दिसल्याशिवाय तार पिनला लावायची नाही. नाहीच.

दुसरी मर्यादा १.८ व्होल्टची. बाकीच्या पिना ३.३ च्या असल्या तरी ॲनालॉग पिनांना १.८ च्या वर सोसत नाही. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घ्या: एक सेन्सरपासून पिनपर्यंत, दुसरा पिनपासून ग्राउंडपर्यंत. व्होल्टेज निम्मं होतं, ३.३ चे १.६५. रेझिस्टर लावल्यावर परत मोजा, काही सेन्सरचं आउटपुट एवढ्या भारानेही खाली येतं. ग्राउंड पी९ चा ३४ नंबरचा घ्या, तो ॲनालॉगसाठीच आहे. ३२ नंबरवर १.८ व्होल्ट असतात, त्यावर सेन्सर चालवू नका.

घरी टेबलावर आकडा बघून घ्या. पहिला ॲनालॉग इनपुट पी९ च्या ३९ नंबरवर. बोर्डावरच्या लिनक्समध्ये आयआयओच्या (सेन्सरची वाचनं ठेवणाऱ्या भागाच्या) फोल्डरात त्याची फाइल असते, तिच्यात ० ते ४०९५ मधला आकडा येतो. त्याला १.८ ने गुणा, ४०९५ ने भागा, रेझिस्टरसाठी दुप्पट करा. फाइलच दिसत नसेल तर बूट होताना एडीसीचा (ॲनालॉगचा आकडा करणाऱ्या भागाचा) ओव्हरले, म्हणजे तो भाग चालू करणारी सेटिंगची फाइल, लागला का ते पाहा.

‘कोरडं’ आणि ‘ओलं’ म्हणजे किती, हे दुकानदाराच्या कागदावरून घेऊ नका. आपल्याच वावरातली माती डब्यात भरून एकदा वाळवून आणि एकदा पाणी घालून निथळल्यावर, असे दोन आकडे लिहून ठेवा. काळी माती सुकली की भेगाळते. सेन्सर भेगेत आला तर तो हवा मोजतो, आकडा कोरडा दाखवतो, आणि तुम्ही ताण लवकर तोडता. मग फूल एकसारखं येत नाही. म्हणून त्याच मातीचा गारा करून सेन्सर त्यात घट्ट बसवा. ड्रिपरच्या अगदी खाली नको, लांबही नको.

सेन्सरची तार मोटारीच्या केबलसोबत नेऊ नका, स्टार्टर दाबला की आकडे नाचतात. शक्य तेवढी आखूड ठेवा. एक वाचन धरू नका, वीस घेऊन मधलं धरा. पेटी सावलीत, टिनाला चिकटवून नाही. उंदरांसाठी तार पाइपातून. बोर्डाच्या घड्याळाला बॅटरी नसते, लाइन येऊन-जाऊन तारीख चुकते. इंटरनेट नसेल तर घड्याळाचं मॉड्यूल जोडा. नोंदींची कॉपी अधूनमधून पेन ड्राइव्हवर. जादा रेझिस्टर. टॉर्च.