कासवाची दोन पिल्लं आणताय? मग दोन घरं मांडा

हर्मन कासवाची (हे युरोपातलं, जमिनीवर राहणारं लहान कासव) दोन पिल्लं आणायची ठरली असतील, तर सगळ्यात आधी घरात दोन पेट्यांची जागा बघा. आपल्याला वाटतं, एकट्याला करमणार नाही, सोबत हवी. कासवाला सोबतीची गरज नसते. दोघांना एकत्र ठेवलं की एक दुसऱ्यावर वरचढ होतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही, कारण उघड भांडण दिसत नाही. वरचढ पिल्लू दिव्याखालची ऊबदार जागा अडवतं, दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं. आपण कौतुकाने म्हणतो, बघा कशी बिलगून बसलीत! दबलेलं पिल्लू मात्र दिवसभर मातीत तोंड खुपसून राहतं, कमी खातं, त्याची वाढ मागे पडते. शिवाय एवढ्या लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. मोठेपणी दोन्ही नर निघाले तर टकरा आणि चावाचावी ठरलेलीच, आणि एक नर एक मादी निघाली तर नर तिला जगू देत नाही.

हे मी ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी लिहितेय. इथे हर्मनच्या विक्रीसाठी आर्टिकल १० प्रमाणपत्र, म्हणजे विक्रीचा सरकारी परवाना, लागतं. ते नीट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इकडे आपल्याला बघून महाराष्ट्रातले कोणी ‘आम्हीही आणतो’ म्हणाले, तर त्यांना स्पष्ट सांगा की तिकडचं, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. २०१९ मध्ये या कासवाला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घालावं लागलं. कासव घरात असलं की लक्ष्मी येते, या समजुतीपायी ती पोत्यांत, बॅगांत कोंबून पळवली जातात. अशा शुभाला माझा मनापासून विरोध आहे.

आता पेटी. काचेची टाकी घेऊ नका. पलीकडचं दिसतं, पण जाता येत नाही, म्हणून पिल्लू काचेला धडका देत राहतं. लाकडी, वरून उघडी, साधारण १२० बाय ६० सेंटीमीटरची पेटी प्रत्येकाला स्वतंत्र. तळाला खत-औषध न घातलेली बागेची माती आणि थोडी वाळू, निदान हाताच्या चार बोटांइतकी खोल, कारण पिल्लांना पुरून घ्यायला आवडतं. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतपत ओल राहू द्या. ‘कासव कोरडंच ठेवायचं’ हा जुना सल्ला सोडून द्या. पाठीवरचे खवले शंकूसारखे वर येतात, त्यामागे कोरडी हवा हे मोठं कारण आहे. आफ्रिकन सल्काटा कासवांच्या पिल्लांवरच्या २००३ मधल्या अभ्यासातही दमटपणाचा परिणाम खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा जास्त दिसला होता. एका कोपऱ्यात लपायला अंधारी जागा करा आणि तिथली माती जरा जास्तच ओली ठेवा.

पेटीच्या एका टोकाला ऊब देणारा दिवा लावा. त्याच्या खाली ३० ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला विशीच्या आसपास तापमान हवं. आकडा अंदाजाने ठरवू नका, दोन्हीकडे थर्मामीटर ठेवा. यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब वेगळी लागते आणि ती दिवसाला बारा तास चालू राहिली पाहिजे. खिडकीतलं ऊन तिची जागा घेऊ शकत नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. ट्यूब उजेड देत असली तरी वर्षभरात तिचा यूव्हीबी उतरतो, म्हणून खरेदीची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा.

खाण्याचं मात्र स्वस्तात भागतं. डँडेलियन, रुंद पानांचा प्लँटेन (केळ्याचा नव्हे, गवतात उगवणारा), सो-थिसल, जास्वंदीची पानं-फुलं. जास्वंद सोडली तर हे तण इंग्लंडात कुठेही उगवतं, फक्त फवारणी केलेल्या आणि कुत्री फिरवतात त्या जागचं आणू नका. बटरकप, फॉक्सग्लोव्ह आणि डॅफोडिल ओळखायला शिका, ती विषारी आहेत. फळं नकोत, पालक रोजचा नको, आणि आजी-आजोबांना प्रेमाने बजावून ठेवा की पोळीचा तुकडा किंवा भाताचं शीत अजिबात नाही. पानांवर कॅल्शियमची चिमूट टाका, पेटीत समुद्रफेनाचा तुकडा ठेवा.

रोज सकाळी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा. पाणी हनुवटीखालीच राहिलं पाहिजे. पिल्लू आधी हातपाय ताठ करून उभं राहतं, मग मान खाली घालून बराच वेळ पाणी ओढतं. घसा हलताना दिसतो. पाण्यात पांढरं काही पडलं तर घाबरू नका, ते युरेट, लघवीतून पडणारा क्षार. दह्यासारखं मऊ असेल तर ठीक, खरखरीत कण लागले तर पाणी कमी पडतंय. हाताळून झालं की साबणाने हात धुवा, मुलांचे तर नक्कीच. कासवांकडून येणारा साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बारीक प्रकरण नाही.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कासवांसाठी वेगळा घ्या आणि दर आठवड्याला दोघांची वजनं वहीत शेजारी शेजारी लिहा. पेट्या वेगळ्या असूनही एकाचं वजन अडलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट गाठा. तो आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात असा माणूस मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात झोपवायचं की जागं ठेवायचं, हेही त्यालाच विचारा. आजारी किंवा अशक्त पिल्लाला शीतनिद्रेला पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

राहता राहिली भारतवारी. आपण गेलो की तीन-चार आठवडे जातो. तेवढ्या काळासाठी शेजारी तयार करायचा तर तो निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. त्याला पिल्लांना आंघोळ कशी घालायची ते दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या. कुठली पानं चालतात त्यांचे फोटो, दिव्याच्या टायमरची वेळ आणि व्हेटचा नंबर दोन्ही पेट्यांवर चिकटवा, आणि कागदावर ठळक लिहा: दोघांना एकत्र सोडू नये.