धनुष्याच्या मुठीवर सुतळी कशी गुंडाळावी

या कामात कुठेही गाठ मारायची नाही. गाठ तळहाताला बोचते आणि दोरी झिजते तीही तिथेच. दोन्ही टोकं वेढ्यांखाली दाबून लपवायची असतात. बाकी सगळं काम ताणाचं.

सुतळी तागाची किंवा अंबाडीची, घट्ट पिळाची आणि शक्यतो 2 मिमी जाडीची घ्या. पार्सल बांधायची सैल सुतळी मध्येच जाड, मध्येच बारीक असते, त्यामुळे वेढे एका ओळीत बसत नाहीत. सुती दोरी हाताला मऊ लागते, पण घाम आणि मळ लवकर धरते. काथ्याचा विचारही करू नका, हात सोलून निघेल.

लांबी मोजूनच कापा, मध्ये जोड देता येत नाही. पेन्सिलीवर ताणून 10 वेढे घ्या आणि त्यांची एकूण रुंदी मोजा. 2 सेंमी भरली तर 10 सेंमी मुठीला 50 वेढे लागतील. मुठीचा घेर 11 सेंमी असेल, तर साडेपाच मीटर झाले. टोकांसाठी आणि हातात धरायला आणखी एक मीटर धरून साडेसहा मीटर कापा.

धनुष्याची दोरी उतरवून ठेवा. लाकडाला तेल किंवा वॉर्निश आधीच देऊन पूर्ण वाळू द्या. ओलं असताना गुंडाळलं तर ओल आत कोंडते. मग मुठीचाच भाग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका खरवडा. गुळगुळीत वॉर्निशवर सगळी गुंडाळी बांगडीसारखी फिरते. दोन्ही हद्दींवर पेन्सिलीने रेघ मारा. मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागांवर, म्हणजे पात्यांवर, सुतळी जाऊ देऊ नका, तिथे लाकडाच्या हालचालीने वेढे सैल होतात.

सुतळी कोरडीच गुंडाळा. भिजवून गुंडाळल्यास वाळल्यावर घट्ट बसते, असा समज आहे. कच्च्या चामड्याचं तसं होतं. पिळाच्या सुतळीचं उलट. ती भिजली की फुगून आखडते आणि वाळली की सैल पडते.

सुरुवात वरून, म्हणजे बाण टेकतो त्या बाजूने करा. शेवटाकडे थोडा फुगवटा येतोच, तो बाणापासून लांब राहिलेला बरा. सुतळीचं टोक 3 सेंमी उकलून ब्लेडने खरवडून निमुळतं करा. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, लाकडाच्या पांढऱ्या ग्लूचा पातळ पट्टा लावून टोकाचा 5 सेंमी भाग खालच्या दिशेने त्यावर सरळ ठेवा. वरच्या रेघेपासून त्याच्यावरूनच वेढे घ्यायला लागा. पहिले चार वेढे अंगठ्याने दाबून धरा. त्यानंतर ते स्वतःला धरतात.

आता सुतळीचा गुंडा पायाखाली दाबा आणि धनुष्यच हातात फिरवा. सुतळी हाताने भोवती फिरवली की ताण दर वेढ्याला बदलतो. पीळ उकलायला लागला तर बोटांनी परत भरा. दर पाच वेढ्यांनी नखाने किंवा बोथट लाकडी काडीने वेढे मागे सारा. हे टाळलं तर फटी आज दिसत नाहीत, आठवड्याभराच्या वापरानंतर दिसतात. मूठ मध्ये फुगीर असेल तर उतारावर वेढे घसरतात, तेवढ्या पट्ट्यात ग्लूचं बोट फिरवा. सगळीकडे मात्र ग्लू लावू नका. मुठीतही वाकणाऱ्या धनुष्यावर तो कडक थर तडकतो.

खालच्या रेघेला दीड-दोन सेंमी उरले की मेण लावलेल्या मजबूत दोऱ्याचा दुहेरी फास पाठीवर ठेवा. त्याचा वाकलेला भाग खालच्या रेघेपुढे डोकावला पाहिजे आणि दोन्ही शेपट्या वर, झालेल्या वेढ्यांवर पडल्या पाहिजेत. त्याच्यावरून आणखी आठ वेढे घ्या. सुतळी 10 सेंमी राखून कापा, टोक निमुळतं करा, फासातून ओवा आणि शेपट्या वरच्या दिशेने सावकाश ओढा. टोक आठ वेढ्यांखालून शिरून वर बाहेर येतं. वेढे बारा-पंधरा झाले तर दोरा तुटतो आणि शेवटचा भाग उकलून पुन्हा करावा लागतो. चारच झाले तर टोक पुढे सुटतं. टोक ताणून धरूनच कापा, म्हणजे उरलेला भाग आत ओढला जातो.

ग्लू रात्रभर वाळू द्या. उभे राहिलेले तंतू बारीक कात्रीने काढा. मेणबत्तीवरून फिरवून जाळण्याची पद्धत आहे, पण ताग भसकन पेटतो आणि लाकूड काळवंडतं. वरून मधमाशीचं मेण अगदी थोडं चोळून कापडाने पुसा. जास्त झालं तर उन्हात मूठ हातातून निसटते. वॉर्निश दिल्यास सुतळी काचेसारखी कडक होते.

पुढे कधी जुनी सुतळी काढायची झाली तर ब्लेड लाकडाच्या दिशेने दाबू नका. खालच्या टोकाचा एक वेढा काडीने उचलून, ब्लेडची धार बाहेरच्या बाजूला ठेवून तेवढाच कापा आणि बाकीचं हाताने उकला.