चेहऱ्याचा कोन मोजताय? आधी या चुका टाळा

फोनवरचं ॲप चेहऱ्याच्या बाजूच्या फोटोवर दोन रेषा ओढतं आणि जबडा किती पुढे-मागे आहे ते सांगणाऱ्या कोनाचा आकडा दाखवतं. वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराघरांत दातांना तारा लावायचा विषय निघाला की हल्ली हा आकडाही पुढे येतो. पण कोणत्या रेषेपासून मोजला, हे कोणी विचारत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

फोटोच्या कडेपासून कोन मोजलात आणि मान पाच अंश वर असली, तर उत्तरही पाच अंशांनी चुकतं. म्हणून कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी फ्रँकफर्ट रेषा आडवी धरतात. ती १८८० च्या दशकात ठरली. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची ठेवण सुधारणारे डॉक्टर, डाउन्स यांनी १९४८ मध्ये याच रेषेशी नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतच्या रेषेचा कोन मोजला. त्यांची सरासरी ८७.८ अंश, आणि ८२ ते ९५ पर्यंत सगळं चालणारं. अठराव्या शतकातले डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस कॅम्पर यांचा कोन निराळा: कानापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेषा, कपाळापासून वरच्या जबड्यापर्यंत दुसरी. एकाचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्यात बघितलात की धडधाकट चेहराही सदोष ठरतो. कॅम्पर यांच्या आकड्यांवरून पुढे वंशांची उतरंड रचली गेली. ती साफ चूक होती. कोनावरून बुद्धी कळत नाही.

वरचा जबडा किती पुढे आहे ते दाखवणाऱ्या एसएनए कोनाचं आणखी वेगळं. ऑर्थोडॉन्टिस्ट स्टायनर यांची सरासरी ८२ अंश, पण तो कवटीच्या तळाच्या रेषेवरून मोजतात. नाकाचं मूळ जरा पुढे असलं, तर वरचा जबडा जागेवर असूनही आकडा कमी येतो. म्हणजे आकडा विचित्र वाटला तर जबड्याला दोष देण्याआधी फ्रँकफर्ट रेषेवरून पुन्हा मोजून बघा.

बाजूच्या कोनावरून चेहरा गोल की लांबट हे ठरवू नका. ते उंची-रुंदीच्या गुणोत्तराचं काम. त्यातल्या त्यात बोलका कोन म्हणजे खालच्या जबड्याच्या कडेचा उतार. ऑर्थोडॉन्टिस्ट ट्वीड यांनी तो फ्रँकफर्ट रेषेशी २५ अंश धरला. उतार जास्त तेव्हा चेहऱ्याचा खालचा भाग बहुधा लांब, कमी तेव्हा आखूड आणि चौकोनी. पण हाडाची ती कड एक्स-रेवर दिसते, सेल्फीत दाढी आणि गालाखाली दडते. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं. फोटोच हवा असेल तर पाच-सहा फूट लांबून, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर धरून, दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या.

वयात येणाऱ्या मुलांचा आकडा कायमचा मानू नका. या वयात खालचा जबडा वरच्यापेक्षा जास्त काळ वाढतो, म्हणून मागे वाटणारी हनुवटी पुढे येऊ शकते. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाताना जुना एक्स-रे असेल तर तो बरोबर न्या, जुना आणि नवा शेजारी ठेवले की वाढ कुठल्या दिशेने चालली आहे ते दिसतं.